एकाच नदीचं कासव: बेलिंजर, फेब्रुवारी २०१५

फेब्रुवारी २०१५. ऑस्ट्रेलियात उन्हाळा सरत आला होता. न्यू साउथ वेल्स राज्यातल्या बेलिंजर नदीवर होड्या घेऊन गेलेल्या लोकांना काठाशी कासवं दिसू लागली. त्या नदीत कासव दिसणं नवं नव्हतं, पण ही कासवं हलत नव्हती. माणूस अगदी जवळ गेला तरी पाण्यात सूर मारत नव्हती, मान आत घेत नव्हती. काहींचे डोळे सुजून बंद झालेले, त्यांतून चिकट स्राव येत होता. काही मागचे पाय फरफटत ओढत होती. काही आधीच मेलेली होती.

लोकांनी कळवलं, वन्यजीव खात्याची माणसं आली, आणि मग दिवसागणिक आकडा वाढतच गेला. पुढच्या काही आठवड्यांत चारशेहून जास्त मेलेली किंवा मरणपंथाला लागलेली कासवं मोजली गेली. हा आकडा फक्त सापडलेल्यांचा आहे. डोहाच्या तळाशी, बुडालेल्या ओंडक्यांखाली जी राहिली ती यात नाहीत.

ही सगळी कासवं एका जातीची होती, मायुकेलिस जॉर्जेसी. स्थानिक लोक तिला बेलिंजर रिव्हर स्नॅपिंग टर्टल म्हणतात. ही जात जगात फक्त या एका नदीच्या खोऱ्यात राहते. शेजारच्या नदीत नाही, डोंगराच्या पलीकडच्या नदीतही नाही. बेलिंजरमध्ये संपली तर जगातून संपली, असा तिचा मामला.

या प्रकरणात मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो एक निर्णय. आजार कोणता, तो कशामुळे होतो, कसा पसरतो, यातलं काहीही माहीत नसताना नदीतून निरोगी कासवं बाहेर काढायची, हा तो निर्णय. त्याआधी काय घडलं आणि त्यानंतर काय वाढून ठेवलं होतं, हे नीट पाहिलं तरच त्याचं वजन कळतं. म्हणून जरा मागे जातो.

नदी आणि तिचे डोह

बेलिंजरचा उगम न्यू इंग्लंड पठाराच्या कड्यांत, घनदाट वर्षावनात आहे. हा गुंबायंगिर या आदिवासी समाजाचा मुलूख. कड्यावरून उतरलेली नदी थोरा गावाजवळून, मग बेलिंजन गावातून जाते आणि उरुंगाजवळ कलांग नदीला सोबत घेऊन समुद्राला मिळते. फार मोठी नदी नाही. वरच्या अंगाला पाणी इतकं नितळ की तळाचे गोटे वरून मोजावेत. खळाळ, मग डोह, पुन्हा खळाळ, पुन्हा डोह, असा तिचा प्रवाह आहे.

हे कासव डोहांचं आहे. खडकाळ तळ, खोल आणि वाहतं पाणी, लपायला ओंडके आणि कपारी, एवढं त्याला लागतं. पाण्यातल्या किड्यांच्या अळ्या हे त्याचं मुख्य खाणं, विशेषतः वाळूच्या कणांची नळी बांधून तीत राहणाऱ्या कॅडिस माश्यांच्या अळ्या. जोडीला शेवाळ आणि काठावरच्या झाडांची पाण्यात पडलेली फळं. मादीचं कवच वाढून साधारण २४ सेंटीमीटरपर्यंत जातं, नर बराच लहान राहतो. त्याचं कूळ केलिडी, म्हणजे मान सरळ आत न ओढता बाजूला वळवून कवचाच्या कडेखाली दडवणाऱ्या कासवांचं. नावात ‘स्नॅपिंग’ असलं तरी अमेरिकेतल्या बोटं तोडणाऱ्या स्नॅपिंग टर्टलशी त्याचं काही नातं नाही.

विज्ञानाला ही जात उशिरा कळली. १९९७ मध्ये जॉन कॅन यांनी तिचं वर्णन प्रसिद्ध केलं. कॅन हे विद्यापीठातले प्राध्यापक नव्हते. सिडनीच्या ला पेरूझ भागात सापांचे खेळ दाखवणाऱ्या घराण्यातले ते, आणि ऑस्ट्रेलियातल्या कासवांचा त्यांच्याइतका माग फार थोड्यांनी काढला आहे. त्यांनी जातीला कॅनबेरा विद्यापीठातले कासवतज्ज्ञ आर्थर जॉर्जेस यांचं नाव दिलं. म्हणजे नाव मिळून जेमतेम अठरा वर्षं होतात न होतात तोच या जातीवर ही वेळ आली.

आजाराआधी तिची संख्या किती होती? अभ्यासकांचा अंदाज सुमारे १,६०० ते ३,२०० चा होता. एका छोट्या नदीसाठी हा आकडा बरा वाटतो. चांगल्या डोहात बुडी मारली की एकामागून एक कासव हाताला लागायचं. म्हणूनच कुणाला फार घोर नव्हता. मला वाटतं, मर्यादित टापूत राहणाऱ्या जातींबाबत आपली फसगत इथेच होते. डोहात कासवं दाटीनं दिसतात, त्यामुळे भरपूर आहेत असं वाटतं. पण ती भरपूर असतात फक्त तिथेच. शिवाय दाटी असली की आजाराला एका जिवावरून दुसऱ्या जिवावर जायला वेळ लागत नाही.

शवविच्छेदनात काय दिसलं

सुरुवातीला सगळ्या शक्यता खुल्या होत्या. पहिला संशय अर्थातच विषावर. नदीकाठी शेती आहे, गुरं आहेत, रस्ते आहेत. काहीतरी पाण्यात आलं असेल, असं कुणालाही वाटेल. पण विषानं सहसा इतकी निवड केली नसती. त्याच डोहांत मासे होते, बाम होते, प्लॅटिपस होते, दुसऱ्या जातीची कासवंही होती. त्यांच्यात अशी मर नव्हती. मरत होतं ते एकच कासव, आणि त्यातही बहुतांशी मोठी, वयात आलेली कासवं. पिल्लं आणि अर्धवट वाढीची कासवं बऱ्याच अंशी सुटली होती.

मेलेली कासवं उघडली तेव्हा प्लीहा, मूत्रपिंडं आणि डोळ्यांजवळच्या अश्रुग्रंथी यांत दाह आणि पेशी मेलेल्या दिसल्या. बाहेरून दिसणारे सुजलेले डोळे हे आत चाललेल्या मोठ्या पडझडीचं फक्त टोक होतं. बरीच कासवं खंगलेली होती. आजारी म्हणून उचलून आणलेल्यांना उपचारांनी गुण येत नव्हता. त्यांच्यासाठी करण्यासारखं उरलं ते एवढंच, की वेदना लांबू न देता त्यांना शांतपणे मरण द्यायचं.

नमुने मेनँगलच्या एलिझाबेथ मॅकार्थर कृषी संस्थेतल्या प्रयोगशाळेत गेले. ही मुळात गुराढोरांच्या रोगांची प्रयोगशाळा. ज्ञात रोगजंतू एकेक करून बाद होत गेले आणि शेवटी कासवांच्या ऊतींमध्ये एक नवा विषाणू सापडला. तो निडोव्हायरस गणातला निघाला. याच गणात कोरोना विषाणूंचं कूळही येतं, मात्र हा त्यांचा दूरचा नातलग. त्याचे जवळचे भाऊबंद अजगरांत आणि इतर सरपटणाऱ्या प्राण्यांत सापडलेले आहेत. त्याला नदीचंच नाव मिळालं, बेलिंजर रिव्हर व्हायरस. सविस्तर शोधनिबंध २०१८ मध्ये आला.

त्या निबंधाच्या शीर्षकात या विषाणूला ‘संभाव्य कारण’ म्हटलं आहे. पुरावा भक्कम होता. बाधित अवयवांत विषाणू भरपूर सापडत होता. तरी ‘हेच कारण’ असं म्हणायला आणखी एक पायरी चढावी लागते. निरोगी प्राण्याला मुद्दाम विषाणूची लागण करायची आणि तोच आजार होतो का ते पाहायचं. जगात दोन-तीनशे उरलेल्या जातीच्या बाबतीत ही पायरी कोण चढणार? शास्त्रज्ञांनी ती सोडून दिली आणि शब्द जपून वापरला. मला या जपून वापरलेल्या शब्दाचा फार आदर वाटतो. इतक्या दबावाखाली छातीठोक बोलण्याचा मोह कुणालाही झाला असता.

विषाणू आला कुठून, हे ठरलेलं नाही. तो आधीपासून नदीत शांतपणे वावरत होता आणि त्या वर्षी कासवं कमजोर झाल्यावर उसळला, असं एक मत. बाहेरून कुणीतरी आणला, दुसऱ्या प्राण्यासोबत किंवा ओल्या सामानासोबत, असं दुसरं. पहिल्या मताला आधार असा, की मेलेली कासवं खंगलेली होती. नदीचा प्रवाह कमी आणि पाणी गरम राहिलं की किड्यांच्या अळ्या घटतात आणि कासवाची उपासमार होते. काठची झाडं गेली की सावली जाते, माती वाहून डोहात बसते, गोट्यांमधल्या फटी बुजतात आणि अळ्यांना राहायला जागा उरत नाही. यातलं कुठलंही एक कारण चारशे कासवं मारत नाही. पण विषाणूला वाट मोकळी करून द्यायला ती पुरेशी ठरू शकतात.

उत्तर मिळण्याआधीचा निर्णय

आता मूळ मुद्द्याकडे येतो. विषाणूचं नाव कळलं ते नंतर. निर्णय घ्यायची वेळ आली ती मर चालू असताना.

समोर दोन रस्ते होते. पहिला, थांबायचं. निदान होऊ द्यायचं, मग काय ते ठरवायचं. रोगाच्या साथीत हा रस्ता शहाणपणाचा वाटतो, कारण चुकीच्या हालचालीनं रोग आणखी पसरतो. निरोगी दिसणारं कासव खरोखर निरोगी आहे हे सांगणारी चाचणीही तेव्हा हातात नव्हती. बाहेर काढलेल्या गटात एकही लागण झालेलं कासव गेलं असतं तर टाकीत सगळीच्या सगळी मेली असती, आणि नदीतून ती काढणारे आपणच ठरलो असतो.

दुसरा रस्ता, आजार जिथवर पोचला आहे त्याच्याही वर, नदीच्या वरच्या अंगाला जायचं आणि अजून धडधाकट असलेली कासवं उचलून न्यायची. साथ पुढे सरकत होती. वाट पाहिली असती तर कदाचित उचलायला धडधाकट कासव उरलंच नसतं.

या कामावरच्या पथकानं दुसरा रस्ता धरला. २०१५ च्या एप्रिलपर्यंत नदीच्या वरच्या डोहांतून वीसहूनही कमी मोठी कासवं पकडून वेस्टर्न सिडनी विद्यापीठाच्या हॉक्सबरी इथल्या आवारात नेली आणि कडक विलगीकरणात ठेवली. एका अख्ख्या जातीचं बियाणं म्हणून बाजूला काढलेली ही वीसभरही नसलेली जनावरं. नदीत नंतर किती उरली याचा अंदाज घेतला तेव्हा आकडा आला २०० ते ३००, आणि त्यांत बहुतेक पिल्लं. सुमारे ९० टक्के कासवं गेली होती.

हा निर्णय बरोबर ठरला म्हणून तो घेताना सोपा होता असं कुणी समजू नये. त्या पथकातला प्रत्येक जण दोन्हीकडून चुकू शकत होता. निदान व्हायच्या आत कृती करणं हे वैद्यकात अनेकदा टीकेचं धनी होतं, आणि ते योग्यच आहे. पण इथे एक फरक होता. चूक दुरुस्त करायला दुसरी नदी नव्हती. अनेक नद्यांत राहणाऱ्या जातीबाबत थांबलं तर एक नदी जाते. इथे थांबलं तर गोष्टच संपते. म्हणून पुरावा अपुरा असतानाही हात घालणं मला समर्थनीय वाटतं, फक्त ज्या काळजीनं घातला तीच काळजी घेऊन. निरोगी कासवं वरच्या टोकाकडूनच घेणं, आणि घेतल्यावर ती जणू आजारीच आहेत असं समजून वेगळी ठेवणं, हे तपशील निर्णयाइतकेच महत्त्वाचे होते.

नदीवर येणाऱ्या लोकांनाही काही गोष्टी पाळायला सांगितल्या गेल्या. आजारी कासव दिसलं तर हात न लावता कळवा. एका नदीतलं कासव दुसऱ्या नदीत सोडू नका. होडी, बूट, मासेमारीचं सामान धुऊन, वाळवूनच दुसऱ्या पाण्यात न्या. साध्या सूचना, पण नदी ही गावाची पोहण्याची, फिरायची जागा असते. तिथे असं वागणं महिनोन्महिने पाळायचं म्हणजे गावानं या कासवाला आपलं म्हणावं लागतं.

मोठी गेली, लहान उरली

पिल्लं वाचली हे ऐकून सुटकेचा श्वास टाकावासा वाटतो. मलाही प्रथम वाटलं. मग कासवाचं आयुष्य डोळ्यांसमोर आणलं आणि तो श्वास अर्ध्यावरच अडला.

नदीतलं कासव हिशेब असा मांडतं. मादी वसंतात, साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरच्या दरम्यान, काठावर खड्डा करून दहा-पंधरा ते वीसेक अंडी घालते. त्यातली बरीच घरटी कोल्हे उकरून खातात. ऑस्ट्रेलियात कोल्हा मूळचा नाही, युरोपातून आणलेला आहे, आणि कासवांच्या घरट्यांचा तो मोठाच शत्रू ठरला आहे. जी पिल्लं पाण्यात पोचतात त्यांतलीही बहुतेक पक्षी, मासे, बाम यांच्या पोटात जातात. वयात यायलाच मादीला सात-आठ वर्षं किंवा त्याहूनही जास्त लागतात. एवढ्या नुकसानीनंतरही जात टिकते, कारण एकदा मोठं झालेलं कासव सहजासहजी मरत नाही. ते वर्षानुवर्षं अंडी घालत राहतं आणि एखाद्या बऱ्या वर्षी काही पिल्लं जगवतं.

समजा, एखाद्या डोहात चाळीस माद्या आहेत. एका वर्षी त्यांची सगळी घरटी कोल्ह्यांनी खाल्ली, तरी डोहाचं फारसं बिघडत नाही. पुढच्या वर्षी त्याच चाळीस माद्या पुन्हा काठावर येतील. पण एका वर्षी त्या चाळीसच्या चाळीस मेल्या तर वाचलेली पिल्लं वयात येईपर्यंत कितीतरी वर्षं काठावर एकही घरटं होणार नाही. बेलिंजरमध्ये नेमकं हेच झालं. जातीच्या टिकण्याचा सगळा भार ज्यांच्यावर होता तीच पिढी गेली.

आणि त्याहून कठीण प्रश्न पुढे होता. पिल्लं वाचली ती पिल्लं होती म्हणून, की त्यांच्यात विषाणूला तोंड देण्याची ताकद होती म्हणून? ताकद असेल तर उत्तम. वयाचंच कवच असेल तर ती मोठी होतील तसतशी पुन्हा मरू लागतील. हा प्रश्न प्रयोगशाळेत सुटणारा नाही. त्याचं उत्तर पिल्लं मोठी झाल्यावरच मिळतं, आणि कासवाच्या बाबतीत मोठं होणं म्हणजे अर्धं दशक, कधी त्याहूनही पुढे.

२०१६ मध्ये या जातीला ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गात टाकलं गेलं. कागदावर ही सर्वात वरची धोक्याची पायरी, त्यापुढे फक्त नामशेष.

डोहातला दुसरा भाडेकरू

साथीच्या बातम्यांत एक गोष्ट मागे पडली, जी मला विषाणूइतकीच गंभीर वाटते. बेलिंजरमध्ये एमायड्युरा मॅक्वारी नावाचं दुसरं कासवही राहतं. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व भागात, मरे-डार्लिंग खोऱ्यापासून किनाऱ्याच्या नद्यांपर्यंत ते दूरवर पसरलेलं आहे. जनुकांच्या अभ्यासावरून असं दिसतं, की बेलिंजरमध्ये ते मूळचं नसावं, माणसांनीच कधीतरी आणून सोडलेलं असावं. पाळलेलं कासव नकोसं झालं की जवळच्या नदीत सोडून देण्याची रीत जगभर आहे, आणि सोडणाऱ्याला त्यात दयाच दिसते.

साथीनंतर डोह रिकामे झाले. रिकामी जागा, शिल्लक राहिलेलं अन्न, आणि या दुसऱ्या कासवाला आजाराचा तसा फटका नाही. म्हणजे त्याच्यासाठी नदी मोकळी झाली. त्यात भर म्हणजे ही दोन कासवं वेगळ्या प्रजातींची, वेगळ्या वंशाची असूनही त्यांचा संकर होतो, आणि तशी संकरित कासवं नदीत सापडलेली आहेत. आपल्या जातीचा जोडीदार सहज मिळत असेल तेव्हा संकर क्वचित होतो. जोडीदार दुर्मीळ झाला की तो वाढण्याचा धोका असतो. विषाणूतून वाचलेली दोनशे-तीनशे कासवं अशा रीतीनं हळूहळू दुसऱ्या जातीत विरघळून जाऊ शकतात, एकही प्रेत न दिसता.

इथे व्यवस्थापनाचा खरा पेच आहे. दुसरं कासव नदीतून काढायचं म्हटलं तर तेही ऑस्ट्रेलियाचंच, आणि अन्य काही नद्यांत कासवांची संख्या घटत असताना त्याला ‘परकं’ ठरवणं अनेकांना पटत नाही. माझं मत विचाराल तर या एका नदीपुरता पक्षपात करायला हवा. मॅक्वारी कासवाला राहायला इतर नद्या आहेत.

टाक्यांतली वर्षं

विद्यापीठातला गट २०१६ मध्ये सिडनीच्या टारोंगा प्राणिसंग्रहालयात हलवला गेला. तिथे त्यांच्यासाठी वेगळी, बाहेरच्या प्राण्यांशी संपर्क नसलेली जागा तयार केलेली होती. विषाणू ओळखणारी चाचणीही एव्हाना हातात आली होती. त्याच वर्षी नदीतून काही लहान कासवं उचलून हेलेन्सबर्गच्या सिम्बायो वाइल्डलाइफ पार्कमध्ये दुसरा गट ठेवण्यात आला. दोन ठिकाणं ठेवण्यामागे साधं शहाणपण आहे. सगळी अंडी एकाच टोपलीत ठेवायची नाहीत हे तर खरंच, पण त्याहून महत्त्वाचं, साथीच्या नदीतून नंतर आणलेलं जनावर आधीच्या निरोगी गटात मिसळायचं नाही.

वीसहून कमी मोठ्या कासवांतून जात पुन्हा उभी करायची म्हणजे कुणाची जोडी कुणाशी लावायची, याची चोख नोंद ठेवावी लागते. एखादी जोडी भराभर पिल्लं देते, म्हणून तिच्यावरच विसंबलं तर पुढच्या पिढीत सगळी भावंडंच राहतात. एका बाबतीत मात्र निसर्गानं मदत केली. बऱ्याच कासवांत अंडं किती तापमानाला उबलं यावर पिल्लू नर होणार की मादी हे ठरतं. उबवणीच्या पेटीत अंशाची चूक झाली तर सगळे नरच निघू शकतात. केलिडी कुळातल्या ज्या कासवांचा अभ्यास झाला आहे त्यांत लिंग जनुकांनीच ठरतं. त्यामुळे टारोंगाच्या उबवणीत ती एक काळजी कमी होती.

२०१६-१७ च्या हंगामात टारोंगात पहिली पिल्लं जन्मली. नदीत त्या हंगामात अंडी घालू शकणाऱ्या माद्या किती उरल्या असतील, हे आठवलं की त्या मूठभर पिल्लांचं मोल कळतं.

पुन्हा पाण्यात

पिल्लं वाढवणं जमलं, तरी ती सोडायची कधी? हा दुसरा अवघड निर्णय, आणि तो पहिल्याच्या अगदी उलट जातीचा. पहिल्या वेळी घाई हाच शहाणपणा होता. आता घाई केली तर टाकीत जपलेली पिल्लं विषाणू असलेल्या पाण्यात ढकलल्यासारखं होणार होतं. थांबलं तर नदीत मोठ्या कासवांची रिकामी पिढी आणखी रिकामी राहणार, आणि टाकीत वाढलेलं जनावर नदीचं वागणंच विसरणार.

तोडगा मधला निघाला. थोडीच पिल्लं सोडायची आणि प्रत्येकाचा माग ठेवायचा. नोव्हेंबर २०१८ मध्ये दहा लहान कासवं कवचावर रेडिओ यंत्रं चिकटवून नदीत सोडली गेली. सोडण्याचा हेतू तेव्हा संख्या वाढवणं हा नव्हताच. प्रश्न विचारणं हा होता. ती जगतात का, खातात का, कुठल्या डोहात थांबतात, आजारी पडतात का. नदीलाच प्रयोगशाळा केलं, पण प्रयोगात जीव घातले ते दहाच. त्यानंतरच्या वर्षांत आणखी तुकड्या सोडल्या गेल्या.

वाटेत नदीनंही परीक्षा घेतली. २०१९ चा दुष्काळ आणि वणवे, मग मार्च २०२१ चा महापूर. वणव्यानंतरच्या पावसानं राख आणि माती ओढ्यांतून खाली येते, आणि या कासवाला लागतात ते नितळ डोह गढूळ होतात. विषाणूच्या साथीला कुणी वेळापत्रक देऊ शकत नाही, पण तो पुन्हा आला तर कासवं कोणत्या अवस्थेत असतील हे थोडंफार माणसांच्या हातात आहे. काठाला झाडं आहेत का, गुरं पाण्यात थेट उतरतात का, कोल्ह्यांना आवर घातला आहे का, यावर ते ठरतं.

हे काम करणारी माणसं मुख्यतः तिथल्या गावची आहेत. ओझग्रीन या संस्थेनं चालवलेल्या बेलिंजन रिव्हरवॉच उपक्रमात स्वयंसेवक आणि शाळेतली मुलं दर महिन्याला ठरलेल्या जागी जाऊन पाणी तपासतात. प्राणवायू, गढूळपणा, आम्लता, पोषकद्रव्यं मोजून लिहून ठेवतात. २०१५ च्या फेब्रुवारीत नेमकी हीच गोष्ट कमी पडली होती. कासवं खंगण्याआधी नदीचं काय होत होतं, हे सांगायला अशा सलग नोंदी असत्या तर कारणाचा माग काढणं कितीतरी सोपं गेलं असतं.

अभ्यासक मात्र अजूनही जुन्याच पद्धतीनं मोजणी करतात, कारण या नितळ पाण्यात तीच उत्तम चालते. तोंडाला नळी, डोळ्यांवर चष्मा, डोहात बुडी आणि हातानं कासव पकडायचं. वर आणून कवच मोजायचं, वजन करायचं, डोळे नीट उघडे आणि स्वच्छ आहेत का पाहायचं, चाचणीसाठी नमुना घ्यायचा. कवचाच्या कडेवरची खूण किंवा आतली चिप वाचली की कळतं, हे टारोंगाचं की नदीचंच. मग ज्या डोहातून काढलं त्याच डोहात, त्याच कपारीजवळ परत. हातातून सुटताना ते मागच्या पायांनी जोरात रेटा देतं. त्या पायांतलं बळ ही आता नोंदवहीत लिहायची पहिली गोष्ट असते.